रिकाम्या पारड्याची तपासणी

सुनेचा निकाल पासंगरावांनी तीन वेळा तपासला. पहिल्यांदा तिच्या फोनवर, दुसऱ्यांदा कागदावर उतरवून घेऊन आणि तिसऱ्यांदा तो कागद उजेडात धरून, मागच्या बाजूनं वेगळं काही दिसतंय का ते बघत. तिन्ही वेळा अठ्ठावन्नच आले. तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काहीही केलं तरी जागचा हलत नाही असा काटा त्यांनी नोकरीत एकदाच पाहिला होता, आणि त्याच्या पारड्याखाली लोहचुंबक निघालं होतं.

पासंगराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना मागून बहाल केलेली ती पदवी होती. पासंग म्हणजे दोन्ही पारडी समान दिसावीत म्हणून एका बाजूला गुपचूप अडकवलेला खडा. असे खडे त्यांनी हयातभर पोत्यानं जमा केले. निवृत्त झाल्यावर बाजारात जायचं कारण उरलं नाही, म्हणून ते खडे घरात शोधायला लागले. साठ गोळ्यांच्या बाटलीतल्या गोळ्या ताटात ओतून मोजायच्या, साबणाची वडी वेष्टणासकट आणि वेष्टणाविना तोलायची, असा त्यांचा दिवस बरा जाई. खिशात पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन कायम असे. लोक किल्ल्या बाळगतात तसं.

यंदा दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाल्यापासून तर त्यांना इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं की समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कोण कुणाशी बोलत नाही हेही कळायचं.

"दोन गुणांनी गेलं," सूनबाई भांडी विसळता विसळता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. पण एकच पातेलं ती चौथ्यांदा विसळत होती, हे पासंगरावांनी मोजलं.

सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्या आणि यंत्रं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठात संख्याशास्त्राचा वर्ग. या एका विषयात साठ गुण मिळाले तरच पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश होता, आणि दुसऱ्या वर्षात असणाऱ्यालाच प्रयोगशाळा विभागप्रमुखाची जागा देणार होती. जागा याच महिन्यात भरायची होती. दुसरा उमेदवार तिच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि गेल्या आठवड्यापासून तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागला होता.

"अठ्ठावन्न कसे झाले ते सांग," पासंगराव म्हणाले.

"सहा चाचण्यांच्या सरासरीला चाळीस गुण, त्यात मला सव्वीस. हजेरीला दहा, त्यात आठ. शेवटच्या पेपराला पन्नास, त्यात चोवीस."

"बेरीज बरोबर आहे."

"बेरीज मलाही येते, बाबा."

"बेरीज बरोबर आहे म्हणूनच म्हणतो. लबाडी बेरजेत कधीच नसते. ती आधीच उरकलेली असते."

इतका वेळ गुडघ्यांना तेल लावत बसलेल्या त्यांच्या पत्नीनं मान वर केली. "झालं सुरू. सूनबाई, यांना विद्यापीठात पाठवू नकोस. माझ्या भावानं दुकान थाटलं त्याच दिवशी यांनी त्याचा काटा जप्त केला. तो अजून माझ्याशी बोलत नाही."

"त्याचा काटा किलोमागे वीस ग्रॅम खात होता."

"वीस ग्रॅमसाठी एक भाऊ गेला माझा. हिशेब काढा त्याचा."

सूनबाईला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "तसं बघितलं तर," ती हळूच म्हणाली, "आमच्या वर्गातल्या पाहुण्याला सहासष्ट पडलेत."

"कोण पाहुणा?"

"आहे एक. वर्गात पाहुण्यासारखा येतो म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणतात. वर्षात एक चाचणी दिली त्यानं. फळ्यावर सगळ्यांचा निकाल लावलाय, त्यात चाचण्यांचे त्याला चाळीसपैकी चौतीस."

पासंगरावांनी खिशातलं पितळेचं वजन मुठीत घट्ट धरलं. सहापैकी एक चाचणी आणि चाळीसपैकी चौतीस. आता पाणी कुठं मुरतंय हे पाहायची गरज नव्हती. पाऊलच पाण्यात पडलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हा पाहुणा तुम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा कोण लागतो?"

"कुणी लागत नाही."

"लागत असणार. तुला सांगितलं नसेल."

हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी सूनबाईची सही असलेला हरकतीचा कागद घेऊन पासंगराव विद्यापीठात हजर झाले. सूनबाईला रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि मिळाली असती तरी त्यांनी तिला घेतलं नसतं. तपासणीला घरचं माणूस सोबत नको, हा त्यांचा जुना दंडक होता. आपण स्वतःच घरचं माणूस आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

विभागाची कचेरी म्हणजे एक लांबट खोली होती. बाहेरच्या भागात एक वयस्क कारकून फाइलींच्या आडोशाला बसलेले, आणि आत काचेच्या दारामागे संख्याशास्त्राच्या बाई. फळ्यावरचा निकाल पासंगरावांनी वरपासून खालपर्यंत वाचला. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं होतं, याची नोंद घेतली. पाहुण्याचा छोटा फोटो नावाशेजारी होता. त्याचे कान बाहेर आलेले होते. काचेतून बाईंचे कान केसांखाली झाकलेले दिसले. झाकलेत म्हणजे कारण असणार, असं पासंगरावांनी मनाशी नोंदवलं.

बाई चाळिशीच्या, थकलेल्या आणि सभ्य होत्या. "बसा ना, काका," त्या म्हणाल्या.

काका म्हटल्याबरोबर पासंगरावांचा संशय आणखी दोन बोटं वाढला. तपासणीला गेल्यावर जे दुकानदार त्यांना काका म्हणायचे, त्यांच्याकडे हमखास काहीतरी सापडायचं.

"सुनेच्या गुणांबद्दल आलोय. मला गुण वाढवून नकोत. मला काटा बघायचाय."

"कसला काटा?"

"तुम्ही गुण ज्याच्यावर तोलता तो."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एवढ्या सहजासहजी काटा दाखवणारे दोनच प्रकारचे असतात, हे पासंगरावांना अनुभवानं माहीत होतं. एक प्रामाणिक, आणि दुसरे ज्यांच्याकडे आणखी एक काटा असतो ते. त्यांनी खाली पडलेला रुमाल उचलायच्या निमित्तानं टेबलाखाली नजर टाकली. तिथं बाईंच्या चपला होत्या, आणि दुपारच्या डब्याची पिशवी.

पडद्यावर उभ्या-आडव्या चौकटी होत्या. डावीकडे नावं, पुढं सहा चाचण्यांचे सहा रकाने, मग सरासरी, हजेरी, पेपर आणि सगळ्यांत शेवटी एकूण.

"हा तक्ता कुणी केला?"

"माझ्या आधीच्या सरांनी. मी फक्त चालवते. चाचण्यांचे गुण बाहेर बसतात ते आमचे कारकून भरतात. तुम्हाला कुठली नोंद बघायचीय?"

"कुठलीच नाही. आमच्या खात्यात तपासणी सुरू होते ती रिकाम्या पारड्यानं. काहीही न ठेवता काटा कुठं उभा राहतो ते आधी बघायचं. एक नवा विद्यार्थी लिहा. तो कधी आला नाही, त्यानं काही दिलं नाही."

"नाव?"

"रिकामा लिहा."

बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी शेवटच्या ओळीत 'रिकामा' असं लिहिलं आणि पुढच्या चौकटी कोऱ्या ठेवल्या. सरासरीच्या रकान्यात कसलीतरी वेडीवाकडी चिन्हं उमटली.

"हे काय आलं?"

"यंत्राची तक्रार आहे. सरासरी काढायला एकही आकडा नाही, असं म्हणतंय."

"पण ज्यानं काहीच दिलं नाही त्याची सरासरी शून्य. तक्रार कशाला?"

बाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. पासंगरावांनी ते पाहिलं. दुकानदाराच्या तोंडाची अशी हालचाल त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, पण तिच्या आधी तो घामाघूम झालेला असायचा. या बाईंना घाम आलेला नव्हता. याचीही त्यांनी नोंद घेतली, जराशी नाराजीनं.

"आता एकच वजन टाका. पहिल्या चाचणीत वीसपैकी सतरा. बाकी पाच कोऱ्या."

बाईंनी सतरा लिहिले. सरासरीच्या रकान्यात चाळीसपैकी चौतीस आले.

"आता सहाही चाचण्यांत सतरा-सतरा टाका."

चौतीस.

"म्हणजे एक पोतं ठेवलं तरी तेवढंच वजन आणि सहा पोती ठेवली तरी तेवढंच," पासंगराव म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "कोरी जागा हे यंत्र मोजतच नाही. शून्य लिहिलं तर मोजतं. सहानं भागायच्या ऐवजी जेवढ्या चाचण्या दिल्या तेवढ्यांनीच भागतंय. नियमपत्रात स्पष्ट आहे हो, न दिलेल्या चाचणीला शून्य." त्यांनी दाराकडं पाहून हाक मारली. "जरा आत या."

कारकून आत आले. पासंगरावांच्याच वयाच्या आसपासचे होते.

"न दिलेल्या चाचणीला तुम्ही शून्य का नाही भरत?"

कारकुनांनी आधी बाईंकडे, मग पासंगरावांकडे पाहिलं. "कुणाच्या नावापुढं शून्य काढायचं माझ्याच्यानं होत नाही, बाई. पोरं कामं करून येतात. कुणाचं काय, कुणाचं काय. वहीत पण मी जागा कोरीच सोडायचो. बेरीज करून सहानं भागायचो. तिथं कोरं काय नि शून्य काय, एकच."

"वही बंद होऊन किती वर्षं झाली?"

"चार."

बाईंनी डोळे मिटून घेतले. सरासरी शिकवण्यात ज्यांची पंधरा वर्षं गेली होती, त्यांच्याच तक्त्यात चार वर्षं सरासरी चुकत होती, आणि ती चुकवली होती एका माणसाच्या भिडस्तपणानं. पासंगरावांना अशी लबाडी आयुष्यात प्रथमच सापडत होती, जिच्यात लबाड कुणीच नव्हतं. काय जप्त करावं हेही त्यांना सुचेना.

एवढ्यात बाईंनी केस मागे सारले. कान अगदीच चपटे होते. पासंगरावांच्या एका संशयाचा तिथं निकाल लागला.

"मी हा एक जण दुरुस्त करते," बाई पाहुण्याच्या ओळीवर येत म्हणाल्या. पाच कोऱ्या चौकटींत त्यांनी पाच शून्यं भरली. सहासष्टाचे सदतीस झाले, आणि वर दोन तृतीयांश. "मागच्या वर्षांचं मला वर कळवावं लागेल. तुमचे फार उपकार झाले, काका. आता तुमच्या सुनेचं म्हणाल, तर त्या नियमित आहेत, त्यांचा यात काही प्रश्न नाही. अठ्ठावन्न आहेत. दोन गुणांसाठी मी त्यांचा पेपर पुन्हा बघते. एखाद्या उत्तराला राहून गेलेले असतात गुण."

असं म्हणून त्यांनी पेपरांच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

पासंगरावांचं पेपरांकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर वरून सातव्या ओळीत त्यांच्या सुनेचं नाव होतं. तेरा, चौदा, मग एक पांढरी चौकट, बारा, पुन्हा एक पांढरी चौकट, तेरा. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता आलं असतं इतक्या ठळक त्या दोन पांढऱ्या चौकटी होत्या. बाई गठ्ठा सोडत होत्या. कारकून बुटांकडे पाहत उभे होते. कुणीही पडद्याकडे पाहत नव्हतं.

ते ज्या कामासाठी आले होते ते झाल्यात जमा होतं. गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं, आणि गप्प बसायला कौशल्य लागत नाही. दोन गुण मिळतील. सूनबाई विभागप्रमुख होईल. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ गोड बोलायचं थांबवेल. पासंगरावांनी खिशात हात घातला. पितळेचं वजन नेहमीसारखंच गार होतं. त्यांना मेव्हण्याचा चेहरा आठवला. दुकानाच्या पहिल्याच दिवशी, नवी टोपी घालून उभा असलेला. त्या दिवशीही असंच, कुणीही पाहत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "वरून सातवी ओळ बघा."

बाईंनी पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन शून्यं भरली. अठ्ठावन्न होते तिथं एकोणपन्नास आले, आणि वर एक तृतीयांश.

"तुम्ही दोन गुण मागायला आला होतात, काका," बाई हळू म्हणाल्या.

"हो. त्या दोन चाचण्यांच्या तारखा मिळतील का?"

परतीच्या वाटेवर पासंगराव बसमध्ये खिडकीशी बसले, पण बाहेर त्यांनी काही पाहिलं नाही. संशय ही अशी चीज आहे की एका घरून उठवली तर दुसऱ्या घरी जाऊन बसते. बाई निर्दोष, कारकून निर्दोष, कान निर्दोष. मग दर गुरुवारी सहाच्या ठोक्याला पिशवी खांद्याला लावून बाहेर पडणारी आपली सून त्या दोन गुरुवारी होती कुठं? दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. ती यंत्रांवर काम करते. कोऱ्या जागेचा हा खेळ तिला आधीच कळला नसेल कशावरून? दोन अवघड चाचण्या मुद्दाम सोडल्या नसतील कशावरून?

विचारण्याआधी पुरावा, हा खात्याचा नियम. घरी आल्याबरोबर त्यांनी कपाटातून डायरी काढली. पासंगराव रोजची डायरी लिहायचे: किती वाजता उठलो, काय मोजलं, किती कमी भरलं. तिसऱ्या चाचणीची तारीख त्यांनी काढली. त्या दिवशी लिहिलं होतं: 'उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. दुपारी तीनला आत, साडेपाचला बाहेर. दर अर्ध्या तासानं थेंब. सूनबाई सोबत. तिच्या वर्गाला आज सुट्टी आहे म्हणते. कारण विचारलं नाही.'

पाचव्या चाचणीची तारीख काढली. 'डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. सूनबाई सोबत. योगायोगानं आजही वर्गाला सुट्टी. कारण विचारलं नाही.'

पासंगराव खुर्चीत बसून राहिले. मुलगा सहा महिन्यांसाठी परगावी कामावर होता, पत्नीचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून सून आली होती. हे त्यांना माहीतच होतं. सुट्टीचं तेवढं माहीत नव्हतं. आयुष्यात न पडताळता मान्य केलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच खोटी निघाली होती. एक चाचणी उजव्या डोळ्याला गेली होती, एक डाव्याला. त्याच दोन डोळ्यांनी त्यांनी आज दुपारी त्या दोन चौकटी टिपल्या होत्या.

संध्याकाळी सूनबाई आली, तेव्हा डायरी टेबलावर उघडी होती. शेजारी नवा निकाल. तिनं आधी निकाल वाचला आणि खुर्ची ओढून बसली.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "अठ्ठावन्न घेऊन गेला होतात ना, बाबा?"

"काटा खोटा होता. आपल्या बाजूनं खोटा होता."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "आणि यांनी तो सांगितला. भाऊ गेला, आता सूनही जाणार."

सूनबाईनं डायरी वाचली. दोन्ही पानं. मग पासंगरावांनी विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेत यंत्रात कोरी नळी घातली आणि यंत्रानं आकडा दाखवला, तर काय करतेस?"

"यंत्र बंद करते."

"मग दोन चाचण्या कोऱ्या असताना चाळीसपैकी सव्वीस कसे आले, असं तुला वाटलं नाही?"

सूनबाईनं टेबलावरचा एक न दिसणारा कण बोटानं बाजूला सारला. "वाटलं होतं. निकाल बघितल्याबरोबर वाटलं."

"मग?"

"कारण विचारलं नाही," ती म्हणाली.

त्यांचंच वाक्य होतं, त्यांच्याच अक्षरात, तिच्यासमोर उघडं.

"सुट्टी आहे असं खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला सोबत येऊ दिलं असतंत? एकटे गेला असतात, आणि थेंब मोजण्यावरून तिथल्या परिचारिकेशी भांडला असतात."

"ती एक थेंब कमी घालत होती."

"मीच घालत होते, बाबा. तुमच्या डोळ्यावर पट्टी होती."

आतून हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ गुडघा धरून केलेलं 'आई गं'.

पासंगराव मात्र हसले नाहीत. त्यांनी नियमपत्र मागितलं. वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते वाटलं होतं, आणि प्रत्येकानं त्याची पुढची बाजू वाचली होती. पासंगरावांनी ते उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत चौदा कलमं होती. अकरावं कलम असं होतं की घरातल्या माणसाच्या इस्पितळातल्या उपचारांमुळे चाचणी हुकली, तर इस्पितळाचा दाखला जोडून, हरकतीच्या मुदतीत, ती पुन्हा देता येईल.

"हे तू तेव्हाच का नाही केलंस?"

"दाखला तुमच्या फाइलीत होता. मागितला असता तर सुट्टीचं खोटं उघडं पडलं असतं. आणि नंतर निकालात सव्वीस दिसले. म्हटलं, असू दे."

पासंगरावांनी पेन्सिल घेतली. चाळीसपैकी अठ्ठावीस हवेत. म्हणजे दर चाचणीला वीसपैकी सरासरी चौदा, सहा चाचण्यांत मिळून चौऱ्याऐंशी. चार चाचण्यांत बावन्न झालेत. उरले बत्तीस. "दोन चाचण्या, प्रत्येकी सोळा," ते म्हणाले. "आजवर तुझी मजल चौदाच्या पुढं गेलेली नाही."

"धीर दिल्याबद्दल आभारी आहे."

मुदतीचे पाच दिवस उरले होते. त्या पाच दिवसांत सूनबाईनं भांडी घासली नाहीत. ती पासंगरावांनी घासली, आणि ताटं मोजून ठेवली. पत्नीनं त्यांना सूनबाईच्या खोलीत डोकवायला बंदी केली होती, कारण ते मागे उभे राहून श्वास मोजत बसायचे.

पाचव्या दिवशी सूनबाई लागोपाठ दोन चाचण्यांना बसली. पासंगराव बाहेर कारकुनांसमोरच्या बाकावर होते. मग कारकून म्हणाले, "आता शून्य काढावं लागतं मला. बारीक काढतो."

"बारीक चालेल," पासंगराव म्हणाले. "पण कोरं नको."

पासंगरावांनी भिंतीवरच्या घड्याळाबद्दल सांगितलं. कारकुनांनी खुर्चीवर चढून ते चार मिनिटं मागे केलं.

दोन दिवसांनी निकाल आला. सोळा आणि सतरा. एकूण साठ, आणि वर एक तृतीयांश. सूनबाईनं तपासलेल्या उत्तरपत्रिकाही आणल्या होत्या. त्या तिनं पासंगरावांसमोर ठेवल्या. "घ्या. मोजा."

पासंगरावांनी उत्तरपत्रिकांकडे पाहिलं आणि त्या हळूच बाजूला सारल्या. "राहू दे," ते म्हणाले. "तुझे आहेत ना, मग बरोबरच असणार."

सूनबाई पाहत राहिली. पत्नीनं उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

दुपारी सून कामावर गेली आणि पत्नीचा डोळा लागला. पासंगरावांनी डायरी काढून लिहिलं: 'सूनबाईला साठ पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज तपासली नाही.' वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. चांगलं वाक्य होतं. ते लिहिताना त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. पण वाचताना आत कुठंतरी खडा टोचायला लागला. बाईंनी उपकाराची फेड म्हणून एखादा गुण जास्त टाकला नसेल कशावरून?

मांजराच्या पावलांनी ते उठले. उत्तरपत्रिका उघडल्या आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण बोटांवर मोजले. सोळा. मग सतरा. दोन्ही बरोबर होते. मोजताना त्यांच्या लक्षात आलं की समासात प्रत्येक गुणाशेजारी पेन्सिलीच्या बारीक खुणांची एक जोडी आहे. बाईंची शाई लाल होती. ही पेन्सिल सूनबाईची होती. तिनं घरी आणण्याआधीच मोजून पाहिलं होतं, आणि खुणांच्या जोड्या पाहता, दोनदा.

पासंगरावांनी उत्तरपत्रिका होत्या तशा ठेवल्या. मग डायरी पुढं ओढून त्यांनी 'नाही' हा शब्द खोडला, आणि खाडाखोड केल्यावर करायची असते तशी, खात्याच्या पद्धतीप्रमाणे, शेजारी छोटी सही केली.